काळी शी

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या नातवाला घेऊन एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. बाळ पाच महिन्यांचे. वजन बरे वाढलेले, पण चेहरा फिकट, आणि दूध ओढताना लगेच दमणारे. लोहाचे थेंब चालू आहेत ना, असे विचारताच आजी संकोचल्या.

"दीड महिना झाला डॉक्टर, बंद केलेत. शी काळी व्हायला लागली. मला वाटलं, औषध उष्ण पडलं. सून नको म्हणत होती, मीच थांबवलं."

हिमोग्लोबिन साडेसात निघाले. मला राग आला, तो आजींवर नव्हे. लोहाने शी काळसर होते, त्यात घाबरण्याजोगे काही नाही, हे एक वाक्य मीच सांगायला हवे होते. मी केवळ थेंबांची संख्या सांगितली होती.

बाळ आईकडून लोहाची शिदोरी घेते ती मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. दोन महिने आधी आलेल्या बाळाची शिदोरी अर्धवटच बांधलेली असते, आणि वाढ झपाट्याची असल्याने ती लवकर सरते. आईचे दूध सर्वोत्तमच, परंतु त्यात लोह अल्प असते. म्हणून अशा बाळांना दर किलो वजनामागे रोज साधारण २ ते ४ मिलिग्रॅम लोह वरून द्यावे लागते.

लोह अपुरे पडले की शरीर ते आधी रक्तपेशींना पुरवते आणि मेंदूचा वाटा मागे राहतो. रक्तक्षय तपासणीत दिसेपर्यंत मेंदूची उपासमार सुरू झालेली असू शकते. आणि मज्जातंतूंवरील मायलिनचे वेष्टन, स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस, यांची बांधणी नेमकी याच महिन्यांत चाललेली असते. कोस्टारिकातील बालकांचा बेट्सी लोझॉफ यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. ती मुले वेळेवर जन्मलेली होती. तरी शैशवात दीर्घकाळ लोहाची कमतरता सोसलेली मुले, उपचारांनंतरही, पुढे बौद्धिक चाचण्यांत मागे राहिली.

थेंब आजींनीच पुन्हा सुरू केले. दोन दुधांच्या मधल्या वेळेत, गालाच्या आत. बाटली मात्र थोरल्या नातीचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवायला सांगितली, कारण जास्त लोह लहान मुलाला विषासमान असते. शी डांबरासारखी चिकट झाली किंवा तांबडे रक्त दिसले, तर लगेच यायचे, हेही या वेळी सांगितले.

आता तो दीड वर्षाचा आहे, आजींची काठी पळवतो. त्या दीड महिन्याने त्याचे काही नेले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. लोहाच्या प्रत्येक चिठ्ठीखाली मी आता 'शी काळी होईल, औषध थांबवू नये' असे स्वतःच्या हाताने लिहितो.