निरंक आणि रिकामं

सरकारी मराठीतल्या शब्दांना आपण हसतो, पण त्यातला ‘निरंक’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. रकान्यात काही नाही, एवढंच तो सांगत नाही. कुणीतरी जाऊन पाहिलं आणि काही नव्हतं, असं तो सांगतो. रिकामा रकाना यातलं काहीच सांगत नाही. त्या दिवशी पाऊस पडला नाही, की मोजणारा तापाने झोपून होता, की घरालाच कुलूप होतं, हे रिकाम्या जागेवरून कळायला मार्ग नसतो. हवामान खात्याच्या पावसाच्या संगणकीय फायलींत जिथे मोजणी नाही तिथे उणे ९९९ हा आकडा टाकलेला असतो. पाऊस कधी उणे पडत नाही, म्हणून हा आकडा निवडलेला. तो वगळायला विसरून कुणी सरासरी काढली, तर चेरापुंजीतही पाऊस उणे निघेल.

हे सगळं मी शिकले ते सासऱ्यांच्या वह्यांमुळे. अप्पा साठच्या दशकात सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी जयपूरला आले आणि इथलेच झाले. बनीपार्कातल्या घराच्या गच्चीवर त्यांनी एक पत्र्याचा डबा ठेवला होता. सरळ भिंतींचा, एकवीस सेंटिमीटर उंचीचा. भांडं अरुंद असो की रुंद, भिंती सरळ असल्या की पाऊस तितकाच उंच साचतो, हे त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. रोज सकाळी सात वाजता पट्टी बुडवायची, आकडा लिहायचा, डबा उपडा करायचा. १९७९ ते २००८, अशी तीस वर्षं. रकाने चार: तिथी किंवा तारीख, पाऊस, नाहरगड आणि शेरा.

नाहरगडाचा रकाना मला बराच काळ कळला नव्हता. त्यात ‘स्वच्छ’, ‘पुसट’, ‘नाही’ यांपैकी एक शब्द असतो. गच्चीवरून डोंगरावरचा किल्ला त्या सकाळी किती दिसला, एवढीच ती नोंद. जयपूरच्या हवेतले सूक्ष्म कण मोजणारी यंत्रं चौकाचौकात बसण्याच्या खूप आधी एक माणूस रोज सकाळी डोळ्यांनी तेच मोजत होता.

एका संशोधन संस्थेत धूळ आणि धुक्यावर काम करणाऱ्या मुलीला ओळखीतून या वह्यांबद्दल कळलं आणि तिने त्या मागितल्या. मूळची अलवरची, मराठी अजिबात न येणारी. तिचं म्हणणं सरळ होतं: तिथी-तारीख, पाऊस आणि नाहरगड हे तीन रकाने तक्त्यात भरून द्या, शेरा सोडून द्या, मजकूर संगणकाला मोजता येत नाही. मी तिला दोन महिने मागितले. भाषांतराच्या कामाला मी नेहमी इतकेच मागते. हे भाषांतराचं काम आहे, हे मात्र वह्या उघडल्यावर कळलं.

पहिली अडचण काळाची होती. १९८६ पर्यंत अप्पांची आई त्यांच्याकडे होती, आणि तिच्यासाठी नोंदी तिथीने होत. सोलापूरहून येणारं दाते पंचांग घरात होतं. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, राजस्थानात पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडच्या महिन्याचं नाव एकच, वद्य पक्षात मात्र वेगळं. आपली ज्याला आषाढ वद्य द्वितीया, ती इथली सावन बदी दूज. म्हणून जयपुरात सावनातले सोमवार सुरू होतात तेव्हा आम्हा मराठी घरांत अजून दिव्याची अमावास्याही आलेली नसते.

आता १९८१ घ्या. त्या वर्षी १८ आणि १९ जुलैला जयपुरात जो पूर आला त्याच्या गोष्टी इथली म्हातारी माणसं अजून सांगतात. अप्पांच्या वहीत १९ जुलैची नोंद ‘आषाढ वद्य द्वितीया, शके १९०३’ अशी आहे. अलवरच्या मुलीने आपल्या घरच्या पंचांगाच्या हिशेबाने ही तिथी तारखेत बदलली असती, तर तिच्या तक्त्यात जयपूरचा पूर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे अख्खा चांद्रमहिना आधी आला असता. शब्द दोन्ही भाषांत तेच, लिपी तीच, अर्थ महिन्याने वेगळा. भाषांतरकाराला परक्या शब्दांची भीती नसते. भीती असते ती या अशा ओळखीच्या शब्दांची.

पण अप्पांनी मराठी पद्धतच वापरली हे सिद्ध कसं करायचं? वहीनेच मदत केली. आजींना नक्षत्रं कळायला हवी असत, म्हणून शेऱ्यात ‘मृग निघाला’, ‘आर्द्रा लागल्या’ असं येतं. ही पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात. आर्द्रा २१-२२ जूनलाच लागतात, मग महिना कुणी कसाही मोजो. १९८१ मध्ये ‘आर्द्रा लागल्या’ हा शेरा ज्येष्ठ वद्यात आहे. इथल्या पद्धतीने तोच पक्ष आषाढाचा झाला असता. म्हणजे पद्धत आपलीच. जो रकाना सोडून द्यायचा होता, त्यानेच बाकीच्या रकान्यांच्या तारखा पक्क्या केल्या.

दुसरी अडचण त्याच १९ जुलैची. पावसाच्या रकान्यात आकडा नाही, रेघ आहे. शेऱ्यात लिहिलं आहे: ‘डबा ओसंडला. मोजता आला नाही.’ तीस वर्षांतला सगळ्यात मोठा पाऊस, आणि नेमका तोच आकडा नाही! तक्त्यात ही जागा रिकामी ठेवली असती तर कुणालाही वाटलं असतं, त्या दिवशी मोजलंच नाही. प्रत्यक्षात डब्याची उंची माहीत आहे, म्हणून एवढं छातीठोक सांगता येतं: २१० मिलिमीटरपेक्षा जास्त. ‘पेक्षा जास्त’ हे दोन शब्द आकड्यांच्या रकान्यात मावत नाहीत. त्या मुलीने शेजारी एक खुणेचा रकाना वाढवला. तिथून पुढे ती शेरा सोडून द्या असं म्हणाली नाही.

मग वेळ. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज जाहीर होणारा पाऊस कालच्या साडेआठपासूनचा असतो. अप्पांचा दिवस सातला संपायचा, कारण पुढे ऑफिस गाठायचं असे. सात ते साडेआठमध्ये पडलेली सर अप्पांच्या हिशेबात उद्याची, खात्याच्या हिशेबात आजची. दोन्ही नोंदी खऱ्या. मात्र वेळ लिहिली नाही तर त्या एकमेकींना खोटं पाडतात. आकड्यांविषयीच्या अशा माहितीला हल्ली मेटाडेटा म्हणतात. आपल्याकडे जुन्या पोथ्यांच्या शेवटी कुणी, कुठे, कोणत्या शकात नक्कल केली ते लिहीत. त्याच जातीची ती गोष्ट आहे.

जयपूरला तर या कामाची परंपराच आहे. १७२७ मध्ये हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन आणि वाराणसी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. एका जागच्या वेधावर त्याला विसंबायचं नव्हतं. त्याने पोर्तुगालला माणसं पाठवली, फिलिप द ला हिरची युरोपीय कोष्टकं मिळवली, आपल्या वेधांशी ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक दाखवला. त्याच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटाने टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला, युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ म्हणून आणली. हा जगन्नाथ महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, असं परंपरा सांगते. जंतरमंतरची दगडी यंत्रं बघायला सगळे येतात. पण ग्रीकांचं अरबीत गेलेलं गणित त्याने संस्कृतात आणलं नसतं, तर वेध कशाशी ताडायचे हा प्रश्न त्या दरबारातल्या संस्कृत पंडितांपुढे उभाच राहिला असता. यंत्राइतकंच कोष्टकही लागतं, आणि कोष्टक वाचणारी भाषाही.

तिसरी अडचण मात्र मला मनापासून आवडली. पहिल्या काही वर्षांत पौष-माघातल्या पावसापुढे अप्पा ‘अवकाळी’ लिहितात. साताऱ्याच्या माणसाला थंडीतला पाऊस म्हणजे मोहर झडणं, ज्वारी काळी पडणं. १९८५ च्या सुमारास हा शब्द नाहीसा होतो आणि त्याच दिवसांत ‘मावठ’ यायला लागतो. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी हिवाळ्यात पडणारा हा पाऊस राजस्थानात गहू-मोहरीला सोन्यासारखा. लोक त्याची वाट बघतात. पाऊस तोच, मिलिमीटर तेच. बदलला होता तो मोजणारा. इंग्रजी तक्त्यात दोन्हींचं एकच भाषांतर होतं: हिवाळी पाऊस. मी दोन्ही शब्द जसेच्या तसे ठेवले आणि खाली टीप दिली. त्या मुलीने विचारलं, याचा अभ्यासाला काय उपयोग? मी म्हटलं, पुढे कुणी सगळ्या ‘अवकाळी’ नोंदी मोजून जयपुरात अवेळी पाऊस घटला असा निष्कर्ष काढेल, त्याला थांबवायला.

आणि मग सासूबाई. वह्या अप्पांच्या, पण ताबा त्यांचा. शेऱ्यांत फक्त पाऊस नाही. कुणाचं बाळंतपण, कुणाचं कर्ज, एका भावाशी तुटलेलं बोलणं, एका उन्हाळ्यात सलग सत्तावीस दिवस दवाखान्याच्या खेपा. त्या दिवसांत पावसाचा रकाना रिकामा आहे आणि शेऱ्यात खूप काही आहे.

“पाऊस सगळ्यांचा असतो गं,” त्या म्हणाल्या, “पण हे सगळ्यांचं नाही.”

मी म्हटलं, “आई, ते दिवसच गाळून टाकू या.”

“दिवस कसे गाळशील? दिवस तर झाले ना.”

जागतिक हवामान संघटनेने २०२१ मध्ये माहितीच्या देवाणघेवाणीचं नवं धोरण मंजूर केलं. देशांनी कोणती निरीक्षणं विनामूल्य आणि बिनशर्त द्यायची, ते त्यात आहे. गरज उघड आहे. वाऱ्याला सरहद्द नसते. थरच्या वाळवंटातली धूळ जयपूरला येते तेव्हा पासपोर्ट दाखवत नाही. पुण्यात हवामान खात्याच्या राष्ट्रीय केंद्रात देशभरच्या नोंदी जमा होतात. १९०१ पासूनचा पाऊस चौकटी-चौकटींनी मांडलेला आज कुणालाही उतरवून घेता येतो, त्यासाठी कित्येक पिढ्यांच्या पर्जन्यमापक वाचणाऱ्यांनी सकाळी उठून आकडे लिहिले आहेत. ब्रिटनमध्ये २०२० च्या टाळेबंदीत सुमारे सोळा हजार लोकांनी घरी बसून पावसाचे पासष्ट हजारांहून अधिक जुने कागद संगणकात उतरवले. हे सगळं वाचून उघडं करणं म्हणजे चांगलं आणि झाकणं म्हणजे वाईट, असं मला वाटू लागलं होतं. सासूबाईंच्या त्या वाक्यानंतर इतकं सोपं वाटेना.

शेवटी आम्ही तिघींनी बसून ठरवलं. पाऊस आणि नाहरगड पूर्ण द्यायचा. हवेविषयीचे शेरे मराठीत आणि भाषांतरासह द्यायचे. घरचे शेरे द्यायचे नाहीत, पण जिथे ते आहेत तिथे जागा रिकामी सोडायची नाही. ‘नोंद आहे, राखून ठेवली आहे’ असं लिहायचं. म्हणजे आता आमच्या तक्त्यात काही नसण्याचे चार प्रकार झाले: निरंक, मोजलं नाही, डब्यात मावलं नाही, आणि सांगायचं नाही. प्रत्येकाला वेगळी खूण. हा तक्ता वापरणाऱ्याने या चौघांना एकात कालवलं, तर निदान अजाणता कालवणार नाही.

काम संपत आलं तेव्हा सासूबाईंनी एक अट घातली, जी मला कुठल्याही धोरणात वाचल्याचं आठवत नव्हतं. त्या मुलीने या नोंदींवरून जे काही काढलं असेल, ते घरी आणून सांगायचं. आणि नुसतं सांगून भागणार नाही, त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहून द्यायचं. मुलगी म्हणाली, अहवाल तर इंग्रजीत असतो.

“मग सूनबाई आहे की,” सासूबाई म्हणाल्या.

गेल्या महिन्यात चार पानं आली. थंडीतल्या सकाळी नाहरगड ‘पुसट’ आणि ‘नाही’ असण्याचे दिवस वहीच्या शेवटच्या दहा वर्षांत पहिल्या दहापेक्षा बरेच जास्त आहेत, असं त्यात आहे. आणि एकाच माणसाचे डोळे तीस वर्षांत म्हातारे होतात हे लक्षात घेऊन हा निष्कर्ष जपून वापरावा, असंही. मी ते मराठीत केलं, मोठ्या अक्षरांत छापलं. सासूबाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं. डोळ्यांच्या वाक्यापाशी थांबल्या.

“१९९८ ला मोतीबिंदू काढला होता त्यांचा,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर स्वच्छ दिसत होतं. कळव तिला.”

कळवलं. शेऱ्यांच्या फायलीत ती नोंद आता राखून ठेवलेल्यांतून काढून दिलेल्यांत गेली आहे, त्यांच्या परवानगीने.