बत्तीस कीं बारा?

बंदुकीच्या शौकिनांचा वाद ज्यानें ऐकला नाहीं, त्यानें गवय्यांचा घराण्यांवरचा वाद आठवावा. अभिमान तोच, तानपुरा तेवढा नाहीं. आमच्या नाशकांतील स्नेहीमंडळींत एकजण घर राखण्यासाठीं ‘बत्तीस’च्या रिव्हॉल्व्हरचा कैवारी, तर दुसरा बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा. पहिला आंकडा नळीच्या व्यासाचा, इंचाच्या शतांशांत. दुसऱ्याचा अर्थ असा कीं, त्या नळींत नेमके बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात!

कायद्यानें हा वाद निम्मा मिटविलाच आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना हवा. आणि लष्करी काडतुसें घेणारी.303 रायफल किंवा 9 मिलिमीटरचें पिस्तूल सामान्य नागरिकास सहसा वर्ज्यच. 2019 च्या दुरुस्तीनें सामान्य परवानेदाराला शस्त्रेंहि दोनच ठेविलीं.

मला सतावतो तो प्रश्न निराळा. भरलेलें शस्त्र उशाखालीं ठेवावें, तर घरांत नातवंडें. कुलपांत ठेवावें, तर किल्ली सांपडेपर्यंत चोर थांबेल काय? आणि समजा, तें हातीं आलें. अंधारांत जिन्यावर उभी असलेली आकृति चोराची, कीं रात्रीच्या गाडीनें नाशिकरोडला उतरून न कळवितां आलेल्या मुलाची? गोळी बत्तीसची असो वा छर्रे बारा बोअरचे असोत, त्यांना माणसाची ओळख नसते.

म्हणून मीं जिन्यांत एक दिवा लावून घेतला. मंडळींना ही युक्ति पसंत पडली. दिवा किती वॅटचा असावा, यावर मात्र अद्याप एकमत नाहीं.