कधी लाल, कधी हिरवी

कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही, तरी तो कोड तपासणारी, सकाळी हिरवी (पास) असलेली टेस्ट दुपारी लाल (नापास) होते आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा हिरवी. अशा टेस्टला आमच्या धंद्यात फ्लेकी म्हणतात. टीममध्ये नवा मुलगा आला की पहिल्या आठवड्यात घाबरून विचारतो, "माझ्यामुळे बिल्ड फुटलं का?" शेजारचा स्क्रीनवरून मान न वळवता सांगतो, "नाही रे, ती नेहमीचीच आहे. रीरन मार." महिन्याभरात तो मुलगाही विचारायचं सोडून देतो. टेस्टच्या लहरीपणापेक्षा मला त्याच्या या गप्प होण्याची जास्त काळजी वाटते.

लहान कंपन्यांत शिस्त नसते म्हणून असं होतं, असं म्हणायचीही सोय नाही. गूगलने 2016 मध्ये स्वतःच्या घरचे आकडे सांगितले होते. तिथल्या जवळपास 16 टक्के टेस्टमध्ये हा दोष कमीअधिक प्रमाणात होता, आणि हिरव्याचं लाल होण्याच्या घटनांपैकी 84 टक्क्यांत फ्लेकी टेस्ट गुंतलेली होती. एवढ्या वेळा फसल्यावर रीरन मारणाऱ्याला आळशी कसं म्हणायचं? तो अनुभवाने शहाणा झालेला असतो. म्हणूनच त्याला समजावणं अवघड जातं.

कारणं तशी फार गूढ नसतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अपाचे या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांतल्या फ्लेकी टेस्टच्या दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा 45 टक्के प्रकरणं नीट वाट न पाहण्याची निघाली. सर्व्हरचं उत्तर यायला किती वेळ लागेल हे माहीत नसतं, म्हणून लिहिणारा 'दोन सेकंद थांब' असं सांगून मोकळा होतो. त्याच्या लॅपटॉपवर दोन सेकंद पुरतात. गर्दीच्या वेळी सर्व्हरवर पुरत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या सोडून घड्याळ बघून गॅस बंद करावा, तसं हे. बाकीच्यांपैकी अनेकांत एकाच वेळी चालणाऱ्या कामांची धक्काबुक्की असते, किंवा एक टेस्ट डेटाबेसमध्ये पसारा करून जाते आणि दुसरी त्या पसाऱ्यावरच उभी असते. क्रम बदलला की कोसळते.

त्याच अभ्यासातला एक निष्कर्ष मात्र मला या सगळ्यांहून मोलाचा वाटतो. सुमारे पाव दुरुस्त्यांत मूळ कोडलाही हात लावावा लागला होता, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी कोडमध्ये खराच दोष होता. 'उगाच लाल होते' म्हणून जिला हिणवलं, ती खरं बोलत होती. फक्त रोज बोलत नव्हती.

आपल्याकडे याचं हमखास उदाहरण म्हणजे साडेपाच तासांचा फरक. पावतीवर आजची तारीख येते का, हे पाहणारी एक टेस्ट घ्या. टेस्ट 'आज' विचारते लॅपटॉपला, म्हणजे भारतीय वेळेला. कोड 'आज' काढतो जागतिक प्रमाणवेळेवरून. दिवसभर दोघांचं जमतं. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत मात्र कोडसाठी अजून कालचाच दिवस चालू असतो, आणि टेस्ट लाल होते. सर्व्हरचं स्वतःचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवरच असल्याने तिथे ती कायम हिरवी. पुण्यात रिलीजसाठी रात्र जागवणाऱ्याला काय दिसतं? रात्री फुटते, सकाळी चालते. "झोप आता, फ्लेकी आहे," असा सल्ला मिळतो. सल्ला झोपेपुरता योग्यच. पण हाच कोड 1 एप्रिलला रात्री एक वाजता पैसे भरणाऱ्या ग्राहकाच्या पावतीवर 31 मार्च छापणार, आणि त्याचं आर्थिक वर्षच बदलणार. मग हिशेबनीसांचे फोन सुरू. असा दोष सापडला की टेस्टला घड्याळ बघूच द्यायचं नाही. वेळ आपण हातात द्यायची. एकदा 31 मार्चची रात्र, एकदा 1 एप्रिलची पहाट. मग ती भरदुपारीही नेमकी लाल होते, आणि कोड सुधारला की हिरवीच राहते.

'पुन्हा करून पाहिलं, तसं झालं नाही' या वाक्याची मला धास्ती आहे, ती थेराक-25 मुळे. कर्करोगावर किरणोपचार करणारं हे यंत्र. 1985 ते 1987 या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, काही जण दगावले. मार्च 1986 मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावातला पहिला अपघात झाला, तेव्हा कंपनीच्या अभियंत्यांना तो दोष पुन्हा घडवून दाखवता आला नाही. यंत्र परत कामाला लागलं आणि एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण भाजला. मग रुग्णालयातले भौतिकशास्त्रज्ञ आणि यंत्र चालवणारी तंत्रज्ञ दोघं बसले आणि तिने त्या दिवशी काय टाइप केलं होतं ते पुन्हा पुन्हा करत राहिले. गोम वेगात होती. सरावलेल्या बोटांनी आठ सेकंदांच्या आत चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती यंत्राच्या सर्व भागांपर्यंत पोचत नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं. पडद्यावर 'मालफंक्शन 54' एवढंच यायचं. यंत्र एरवीही दिवसातून अनेकदा असे निरोप देऊन अडायचं, त्यामुळे 'पी' दाबून पुढे जायची सवय होऊन गेली होती. आमचं रीरनचं बटण दिसलं की मला तो 'पी' आठवतो. आमच्या पावत्यांनी कोणी मरत नाही, हे खरं. पण बोटाला लागलेली सवय तीच.

त्या दोघांनी केलं तेच आम्हालाही करावं लागतं. टेस्ट शेकडो वेळा चालवायची, प्रोसेसरवर मुद्दाम ताण आणायचा, क्रम उलटसुलट करायचा आणि ज्या क्रमाने फुटली तो जपून ठेवायचा. काम कंटाळवाणं आहे, आणि रोजच्या स्टँडअप बैठकीत सांगायला त्यातून काहीच हाती नसतं.

सगळ्याच टेस्टना एवढा वेळ देता येत नाही. सॉफ्टवेअरविषयी लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी 2011 मध्ये अशा टेस्ट वेगळ्या काढून ठेवायचा उपाय सुचवला होता, आणि तिथे त्या साचू नयेत म्हणून मर्यादा घालायलाही सांगितलं होतं. लोक पहिला भाग उचलतात, दुसरा विसरतात. आमच्या टीममध्ये मी हट्टाने दोन गोष्टी लिहायला लावतो, जबाबदार माणसाचं नाव आणि शेवटची तारीख. तारीख उलटली की टेस्ट काढून टाकायची. मग कव्हरेज, म्हणजे टेस्टखाली येणाऱ्या कोडचं प्रमाण, घसरेल, क्लायंट विचारेल, असा वाद होतो. होऊ दे. डिलीट करायला बसलं की बहुतेकदा कोणीतरी खुर्ची ओढत येतं, "थांबा, एकदा मी बघतो." आणि खरंच बघायला बसतं.