आयते आणि आयत्तम्

सरकारी नोकरीत माणसाला एक सवय चांगलीच जडते. ती म्हणजे कोणापुढे तरी जाण्याची तयारी करण्याची. वरिष्ठांची तपासणी ठरली की कचेरीची कळाच पालटते. वर्षभर धूळ खात पडलेले दप्तर बाहेर निघते, नोंदवह्यांतील रिकामे रकाने भरले जातात, फायलींना नव्या फिती लागतात, आणि एरवी कधी वेळेवर न येणारी मंडळी त्या दिवशी घड्याळाच्या आधी हजर असतात. ही तयारी खोटीच असते असे नव्हे. परंतु आपण आहोत त्याहून थोडे बरे दिसावे एवढाच तिचा हेतू असतो. मग ज्याच्यापुढे मूळ दप्तरच उघडे आहे, त्याच्यापुढे जावयाचे झाल्यास तयारी ती कशाची करावयाची? हा प्रश्न आमच्या मनात प्रथम उभा राहिला तो कावेरीच्या मुलखात, आणि तोही ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या सहवासात.

तंजावरकडे बदलून आलेल्या मराठी माणसाला हा प्रांत अगदीच परका वाटत नाही. बृहदीश्वराच्या आवारात १८०३ सालचा प्रचंड मराठी शिलालेख त्याच्या स्वागताला उभा असतो, सरस्वती महालात मोडीचे रुमाल असतात. हे पाहून तो धन्य होतो व परततो. शिवगंगा तळ्याकाठच्या १७७९ सालच्या जुन्या चर्चकडे मात्र सहसा कोणाची पावले वळत नाहीत. तेथे संगमरवरात कोरलेला एक प्रसंग आहे. एक वृद्ध पाद्री मृत्युशय्येवर पडला आहे आणि मराठ्यांचा राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, राजा म्हणजे दुसरे सरफोजी. १७९८ साली निवर्तलेल्या या गुरूचे स्मारक राजाने लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून मुद्दाम घडवून घेतले. श्वार्ट्झने राजदरबारासाठी मराठी शिकून घेतली होती. युद्धाच्या दिवसांत गावे सोडून गेलेले शेतकरी सरकारच्या शब्दावर परतेनात, ते त्याच्या शब्दावर परतले. आम्हां सरकारी माणसांना हे वाक्य थोडे थांबून वाचावेसे वाटेल.

ज्या मिशनतर्फे श्वार्ट्झ आला, त्याची सुरुवात १७०६ साली तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर त्सीगेनबाल्ग उतरला तेव्हा झाली. त्या परंपरेतील गावोगावच्या मंडळ्यांत आजही एक रीत आढळते. प्रभुभोजनाचा रविवार आला की त्याच्या आदल्या संध्याकाळी एक लहानशी उपासना होते. तिचे नाव ‘आयत्त आराधनै’. आयत्तम् म्हणजे तयारी. रविवारची गर्दी तेथे नसते, नवी लुगडी नसतात. दिवसभर चिखलात राबलेली माणसे हातपाय धुऊन येऊन बसतात. दहा आज्ञांच्या प्रकाशात प्रत्येकाने आपले मन तपासावयाचे, झाल्या अपराधांची कबुली द्यावयाची, आणि मग काही वेळ नुसते गप्प राहावयाचे. त्या शांततेत बाहेरच्या बेडकांचे ओरडणे तेवढे ऐकू येते.

हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा आम्हांस आपला ‘आयता’ आठवला आणि हसू आले. आपल्याकडे आयते म्हणजे कष्टावाचून मिळालेले. आयत्या बिळावर नागोबा होणाऱ्याला आपण नावे ठेवतो. येथे आयत्तम् म्हणजे कष्टाने केलेली सिद्धता. पण पुढे लक्षात आले की ख्रिस्ती धर्मविचाराचा सारा पेच या दोन शब्दांच्या मध्येच आहे. देवाची कृपा आयती मिळते, ती कोणाच्या पुण्याईचे वेतन नव्हे, असे ल्यूथरने जन्मभर सांगितले. त्याच्या प्रश्नोत्तररूप लहान ग्रंथात, जो त्सीगेनबाल्गने तमिळमध्ये आणला, तो स्पष्टच म्हणतो की उपवास आदी देहाची तयारी हे बाहेरचे चांगले वळण आहे. पण खरा पात्र तोच, जो प्रभूच्या शब्दावर भरवसा ठेवतो. मग कृपा जर आयती, तर आयत्तम् कशाला?

बाहेरच्या तयारीला हसण्याचे मात्र कारण नाही. याच किनाऱ्यावरील वेलांकण्णीला २९ ऑगस्टला निशाण चढते आणि ८ सप्टेंबरला मरियेचा उत्सव होतो. त्या दिवसांत भगवी वस्त्रे नेसलेले, अनवाणी चालणारे जथेच्या जथे रस्त्याने दिसतात. त्यांत हिंदूही पुष्कळ. वसई-मुंबईकडची मराठी बोलणारी कुटुंबेही त्या गर्दीत भेटतात. कोणी केस उतरवतो, कोणी समुद्रात स्नान करतो, कोणी वाळूच्या वाटेने गुडघ्यांवर रांगत मंदिराकडे जातो. वारीची वाट पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पाय थकले म्हणजे मन नमते, हे देहूआळंदीच्या वाटेवर जितके खरे तितकेच येथेही. परंतु पाय थकूनही मन ताठ राहू शकते, हेही तितकेच खरे.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका निवृत्त शिक्षकाकडून मिळाले. गावात सारे त्यांना वाद्यार, म्हणजे गुरुजी, म्हणतात. त्यांनी ग्रंथ काढला नाही. आपल्या शेताकडे बोट दाखविले. “सार, पाणी आम्ही करतो का?” ते म्हणाले. “पाणी मेट्टूरहून येते. ते कोणी सोडायचे, केव्हा सोडायचे, हे आमच्या हाती नाही. पण त्याच्या आधी वायक्कालमधला गाळ काढला नाही, तर आलेले पाणी आमच्या दारावरून निघून जाते.”

कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात राहिलेल्याला याहून अधिक सांगावे लागत नाही. १९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाल्यापासून, साठा पुरेसा असला तर १२ जूनला दरवाजे उघडण्याची प्रथा आहे. कल्लणैपाशी पाणी वाटले जाते. तेथून नद्या, नद्यांतून कालवे, कालव्यांतून गावचे पाट. पाण्याच्या आधी गावाने मिळून गाळ उपसावयाचा, ही जुनी कुडिमरामत्तुची रीत. गाळ उपसणाऱ्याने पाणी निर्माण केले असे कोणी म्हणत नाही. पण न उपसणाऱ्याचे शेत कोरडे राहिले तर दोष मेट्टूरलाही देत नाही. आयते आणि आयत्तम् यांचे भांडण त्या बांधावरच मिटले.

पण वाद्यारांची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. त्याच पाटाच्या पाण्यावरून त्यांचे व धाकट्या भावाचे तीन वर्षे बोलणे नव्हते. भाऊ खालच्या अंगाला. वरच्याने मोरी बांधली आणि खालच्याचे रोप करपले. ती तीन वर्षे वाद्यार शनिवारी आयत्त आराधनेला येत आणि रविवारी भोजनाच्या वेळी आपल्या जागेवरून उठत नसत. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी ख्रिस्ताची आज्ञा आहे. ती त्यांना अडवीत होती. चौथ्या वर्षी एका शनिवारी ते चर्चमध्ये न येता भावाच्या दारी गेले. भाऊ एक अक्षर बोलला नाही. फक्त ओट्यावर थोडा सरकला आणि बसण्यापुरती जागा करून दिली. “तेवढे पुरे झाले,” वाद्यार आम्हांस म्हणाले. “मोरी मी सोमवारी फोडली.”

हृदयाची तयारी ही एकांतातील नाजूक गोष्ट आहे, असा आपला समज असतो. तंजावरचा इतिहास तो टिकू देत नाही. या भागातील जुन्या चर्चमध्ये उच्चवर्णीय आणि अस्पृश्य मानलेले ख्रिस्ती निरनिराळ्या बाजूंना बसत. प्रभुभोजनाच्या पेल्याजवळ आधी कोणी यावे, याचाही क्रम ठरलेला असे. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद सोडण्याचा हुकूम काढला, तेव्हा कित्येकांनी चर्च सोडले, पण क्रम सोडला नाही. श्वार्ट्झचे शिष्य व सरफोजींच्या दरबारी मान पावलेले थोर कवी वेदनायगम शास्त्री, ‘बेथलेहेम कुरवंजी’चे कर्ते, यांनीही जुन्या चालीचीच बाजू घेतली होती. त्यांची भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. उलट इतकी खरी भक्तीही ज्या गाळापाशी अडते, तो गाळ किती जुना आणि किती घट्ट असला पाहिजे, एवढेच त्यावरून दिसते. शेजाऱ्याचे ओठ लागलेला पेला आपल्या ओठांना लावता येणे, हीच या तयारीची अखेरची परीक्षा.

आपल्या ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा दिली. दरबार हा शब्द त्यांनी नेमका निवडला. राजाच्या दरबारात जाताना माणूस अंगावर काही चढवितो. या दरबारात जाताना काही उतरवून ठेवावे लागते.

आम्हां परमुलखात राहणाऱ्यांची एक विशेष अडचण आहे. बदलीचा हुकूम आला की मागचे सारे मागे राहिले, असे वाटते. गावाकडची वाटणी, भाऊबंदांचा अबोला, चुलत्याने घातलेले कुंपण. साऱ्यांपासून सहाशे कोसांवर आपण सुखात असतो आणि देवघरात रोज निरांजन लावतो. परंतु अंतराने गाळ वाहून जात नाही. तो नुसता दिसेनासा होतो. वाद्यारांचा भाऊ शेजारच्या ओट्यावर होता. आमचे भाऊ दोन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासावर असतात, एवढाच काय तो फरक.

पाणी केव्हा सुटेल हे मेट्टूरला ठाऊक. फावडे मात्र ज्याचे त्याच्या घरी आहे.