साचा

आमच्या निफाड तालुक्यात विमान ही काही नवलाची गोष्ट नाही. १९६४ साली ओझरला मिगचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला 'मिग' हा शब्द कायमचा चिकटला. आम्ही शाळेत असताना डोक्यावरून मिग गेलं की गुरुजी बोलायचे थांबत. आवाज विरला की गणित पुढं सुरू. निंदायला बसलेल्या बाया मान वर न करता म्हणायच्या, "गेलं बाई, मिग गेलं."

२०२५च्या सप्टेंबरात, २६ तारखेला, चंदीगडला हवाई दलानं मिग-२१ला निरोप दिला. टीव्हीवर ते बघून पुण्याचा नातू हट्टाला पेटला. थोरल्यानं त्याला जोडायच्या विमानाचा खोका घेऊन दिला आणि दिवाळीच्या सुट्टीत खोका न् नातू दोघंही मळ्यात दाखल झाले.

खोक्यावरचं चित्र असं, की विमान ढग फाडून अंगावर येतंय. आत प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यात लटकलेले सुटे भाग. प्रमाण एकास बहात्तर. खऱ्या मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सात मीटरच्या जरा वर, ते इथं जेमतेम दहा सेंटिमीटर. म्हणजे इथं एक मिलिमीटर चुकलं की खऱ्या विमानात सात सेंटिमीटर चुकल्यासारखं.

आणि चूक मिलिमीटरची नव्हतीच. धडाचे दोन अर्ध, एक सरळ तर दुसरा विळ्यासारखा वाकलेला. कडांना कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा. पंखाच्या मुळाशी खळगा. एक चाक अर्धंच भरलेलं, उंदरानं कुरतडल्यागत. वैमानिकाच्या डोक्यावरची काच मोतीबिंदू झाल्यासारखी धुरकट. अर्ध एकमेकांत बसवायला खुंट्याही नाहीत.

पोरगं दोन दिवस झटलं. नाक जुळवावं तर शेपूट उघडं पडायचं, शेपूट दाबावं तर नाक फाकायचं. बोटांना गोंद, गोंदाला तारा. तिसऱ्या दिवशी त्यानं सगळं खोक्यात कोंबलं आणि खोका कॉटखाली ढकलला. म्हणाला, "आबा, माझे हातच बेकार आहेत."

हे वाक्य मला लागलं. कारण ते मी आधी ऐकलेलं आहे.

दहा-बारा वर्षांमागं उन्हाळ कांद्याला एका कंपनीचं पिशवीबंद बी आणलं होतं. उळे टाकलं, रोप झालं, लावण केली, खतपाणी वेळेवर. आणि निम्म्या वावरात डेंगळे उभे राहिले. कंपनीचा माणूस बांधावर आला आणि गॉगल न काढता म्हणाला, "लागवडीची वेळ चुकली असेल तुमची." शेजारच्या वाफ्यात घरचं बी होतं. लावण त्याच दिवशीची, पाणी त्याच विहिरीचं, आणि तिथं कांदा नंबर एक. तरी खापर माझ्याच हातावर फुटलं. चार लोकांनी तेच तेच म्हटल्यावर मीसुद्धा रात्री उठून आपले हात बघत बसायचो. चाळीस वर्षं कांदा करणाऱ्या माणसाची ही गत, तर दहा वर्षांच्या पोराचं काय?

माझा पुतण्या नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या मशीनवर असतो. भाऊबीजेला आला तेव्हा खोका त्याच्यापुढं ठेवला. त्यानं एक चौकट उचलून डोळ्यासमोर धरली. "नाना, साचा झिजलाय याचा." मग सांगितलं, की तापलेलं प्लास्टिक दाबानं लोखंडी साच्यात भरतात. साच्याची तोंडं झिजली की माल फटीतून बाहेर येतो, तो हा पापुद्रा. दाब कमी पडला की भाग अर्धवट भरतो. जाड जागा उशिरा थंड होते आणि आत ओढली जाते, तिथं खळगा. गरम असतानाच बाहेर काढलं की वाकतं. "घाई केलीय मशीनवाल्यानं, दुसरं काय!"

मी म्हटलं, "हे मला नको, पोराला सांग." त्यानं पुन्हा सगळं सांगितलं. पोरानं खोका कॉटखालून काढला.

मग आम्ही दोघं बसलो. द्राक्षाचं कलम करताना डॉगरिजच्या खुंटावर काडी बसवायची तर साल सालीला भिडावी लागते. आधी बसवून बघायचं, मग बांधायचं. तीच रीत इथं. गोंद बाजूला ठेवून प्रत्येक भाग कोरडाच जुळवून पाहिला. पापुद्रे ब्लेडनं तासले. वाकडा अर्ध चटका बसेल इतक्या गरम पाण्यात धरला, हलक्या हातानं सरळ केला आणि लगेच गार पाण्यात बुडवला. या कामाचा गोंद प्लास्टिक विरघळवून एकजीव करतो, म्हणून बोटभर जागा चिकटवायची, थांबायचं, मग पुढची. वरून कलमाची पट्टी गुंडाळून रात्रभर ठेवलं. सकाळी फटीत पुट्टी भरली आणि पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासली. नाकात शिशाची गोळी बसवली, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. ते कागदावर लिहिलेलंच नव्हतं.

पंखावरचं पहिलं चक्र पाण्यात टाकल्याबरोबर त्याचे तुकडे झाले. दुसऱ्यावर आधी वॉर्निशचा पातळ हात दिला, तेव्हा ते टिकलं. त्यातही केशरी, पांढरा, हिरवा हे रंग एकमेकांवरून सरकलेले. फुटलेल्याच्या जागी पोरानं ब्रशनं नवं चक्र काढलं. ते छापील चक्रापेक्षा गोल आलं. काच टूथपेस्टनं घासली, जराशी उजळली. अर्धं चाक तसंच राहिलं.

चांगला माल घ्यावा हे खरंच. पण दुकानात खोका उघडून दाखवत नाहीत आणि बियाणाची पिशवीही फोडून बघता येत नाही. खराब माल पदरात पडतोच. तेव्हा दोष कुठला, मालाचा की हाताचा, हे शोधून मुलाला सांगणारं माणूस घरात पाहिजे. नाहीतर एका झिजलेल्या साच्यापायी पोराचा आपल्या हातांवरचा भरवसा जातो.

शाळा सुरू झाल्यावर त्याचा फोन आला. वर्गात कुणीतरी विचारलं होतं, विमानाच्या पोटावर ही रेघ कसली. मी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, साचा खराब होता. आम्ही जुळवला."