शिल्लक

बंद पडलेल्या यंत्राबद्दल माझी फारशी तक्रार नसते. ते निदान आपली असमर्थता मुकाट्याने कबूल करते. मनुष्याच्या धीराचा खरा अंत पाहते ते चालू असूनही काही न देणारे यंत्र. अशाच एका यंत्रापुढे २०२० सालच्या जून महिन्यात मी दोन दिवस हताश होऊन बसलो होतो.

त्या महिन्याच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावात काही तासांतच पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरावरची निम्मी कौले उडाली, विजेचे खांब मोडून रस्त्यावर पडले, आणि वीज परत केव्हा येईल हे विचारावे असा कोणी भेटेना. या सर्व अनर्थात मला काळजी मात्र एकच होती. आईला जुना दमा. ओल्या घरात तो बळावला. औषधाचा वाफारा देणारे लहानसे यंत्र तिच्या उशाशी होते, पण ते चालवायला वीज नव्हती.

तेव्हा मला पडवीच्या कोपऱ्यातला जनरेटर आठवला. कधी काळी जुनाच विकत घेतलेला, आणि गेली सहा वर्षे कोणाचा हातही न लागलेला. त्याचा धूर बंद जागेत प्राणघातक ठरतो, म्हणून मी तो अंगणात दूरवर ओढून नेला, ताजे पेट्रोल भरले, प्लग पुसला आणि दोरी ओढू लागलो. दहाव्या-बाराव्या हिसक्याला तो धडधडू लागला. आतून आईने विचारले, "लागला का रे दिवा?" मी मोठ्या उमेदीने दिवा जोडला. दिवा लागला नाही. मी दिवा बदलला, वायर बदलली, कळ खालीवर करून पाहिली, इंजिनाचा वेग वाढवला. आवाज वाढला, प्रकाश नाही तो नाहीच.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी माझी हीच खटपट चालू असता कुंपणापलीकडे कोणी उभे असल्याचे जाणवले. तो माझा धाकटा चुलतभाऊ होता. वाडीच्या बांधावरून आम्हा दोघांत अकरा वर्षे अबोला होता. तो व्यवसायाने वायरमन. गावात त्याच्याइतका जाणता दुसरा कोणी नाही, हे मला ठाऊक होते. तरीही दोन दिवस मला त्याच्या दाराशी जाववले नाही, हे येथे लपवण्यात अर्थ नाही.

"काल सकाळपासून इंजिन ऐकतोय," तो म्हणाला. "दिवा दिसत नाही. काकू कशी आहे?"

मी काही बोलायच्या आत तो अंगणात आला. त्याने इंजिन बंद करवले, मागचे झाकण उघडले, कार्बनचे ब्रश काढून पाहिले. ते झिजलेले नव्हते. ज्या कड्यांवर ते घासतात त्यांच्यावर हिरवट थर चढला होता. तो त्याने बारीक पॉलिशपेपरने पुसला. पुन्हा इंजिन सुरू करून त्याने मीटर लावला. जेथे २३० व्होल्ट दिसावयाचे तेथे एक व्होल्टही पुरता दिसेना.

"ह्याचं मॅग्नेट गेलंय, दादा," तो म्हणाला. "पडून राहिलं की जातं."

नंतर मी या गोष्टीविषयी वाचले. फॅरडेने १८३१ साली चुंबकाच्या योगाने वीज निर्माण करून दाखवली. परंतु पुढे कित्येक वर्षे यंत्रांना कायमचे चुंबक लागत, आणि ते दुबळे असत. १८६६ साली वेर्नर सीमेन्सच्या ध्यानात आले की लोखंडात आधीच्या वापराचे जे थोडेसे चुंबकत्व उरलेले असते, तेवढ्यावरही काम भागते. त्या किंचित चुंबकत्वातून किंचित वीज निघते; तीच गुंडाळीतून फिरवली की चुंबकत्व वाढते; वाढलेल्या चुंबकत्वातून अधिक वीज. १७ जानेवारी १८६७ रोजी हा शोध बर्लिनच्या अकादमीपुढे मांडला गेला. इंग्लंडात व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनाही त्याच सुमारास तो स्वतंत्रपणे गवसला होता. आमचा जनरेटरही याच तत्त्वावरचा. त्याचे इंजिन धडधाकट होते, तांब्याची तार शाबूत होती. केवळ ज्यातून आरंभ व्हायचा ती शिल्लक संपली होती.

चुलतभाऊ घरी जाऊन आपल्या मोटारसायकलची बॅटरी घेऊन आला. इंजिन बंद असतानाच त्याने ब्रशांच्या दोन्ही तारा सोडवल्या, धन बाजू धनाला आणि ऋण बाजू ऋणाला अशी खात्री करून बॅटरी जोडली, मनातल्या मनात काही अंक मोजले आणि काढून घेतली. तारा पुन्हा जागच्या जागी बसवून तो म्हणाला, "ओढा दोरी." मीटरचा आकडा चढत चढत २३० च्या आसपास जाऊन स्थिरावला. वाफाऱ्याच्या यंत्राची वायर थेट जनरेटरलाच जोडताना त्याने मला बजावले, "घरच्या वायरिंगला हे लावू नका हं. वीज उलटी लाइनीत जाते, आणि खांबावर कोणीतरी चढलेला असतो."

त्या रात्री आई पहाटेपर्यंत स्वस्थ झोपली. मला मात्र झोप लागली नाही. अकरा वर्षांत आमच्यातले सर्व काही संपले असे मी धरून चालत होतो. बांध कोणाचा हा प्रश्न तर अजूनही सुटलेला नाही. पण त्याने मला "दादा" म्हटले होते आणि माझ्या आईची विचारपूस केली होती. म्हणजे त्याच्याकडची शिल्लक संपलेली नव्हती. बॅटरी त्याच्या घरची होती, आणि कुंपण ओलांडून तोच आला होता. हा विचार सुखाचा होता तितकाच लाजवणाराही.

यंत्र पडून राहू देऊ नये, महिन्यातून एकदा तरी त्यावर दिवा लावून ते चालवावे, असे त्याने जाताना सांगितले होते. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जनरेटर अंगणात काढतो. त्याचा आवाज ऐकून चुलतभाऊ ब्रश पाहायला म्हणून येतो. ब्रश उत्तम स्थितीत आहेत हे आम्हा दोघांनाही ठाऊक असते. तरी तो झाकण उघडतो, आणि मी आत चहा टाकायला सांगतो.