दोन इंचांचा हिशेब

“चार इंच वर उचलून द्या, मिस्त्री. पैशांचं बघू नका.”

कराडच्या गॅरेजमध्ये त्याने हे सांगितले, तेव्हा मिस्त्रींनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी खिशातून टेप काढली आणि ते गाडीच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले.

गाडी १९९७ सालची. मारुतीची जिप्सी किंग. बाबांनी पन्नाशीत हौसेने घेतलेली. चिपळूणच्या पुढे गुहागरच्या वाटेवर त्यांची वडिलोपार्जित जमीन. तिथे बाबांनी स्वतःच्या हाताने हापूसची कलमे लावली. शनिवार आला की कुंभार्ली घाट उतरायचा आणि रविवारी रात्री अंगाला मातीचा वास घेऊन परतायचे, असा वर्षानुवर्षांचा नेम.

पण गेली दोन वर्षे बाबा बागेत गेले नव्हते. दोन पावसाळ्यांपूर्वी बागेच्या अलीकडच्या पऱ्यात गाडी अडकली होती. पुढची चाके काठावर चढली आणि मधले पोट दगडावर टेकले. बाबा उतरून चिखलातून चालत गेले आणि घसरून पडले. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून बागेचा विषय निघाला की ते वर्तमानपत्र उघडत. गाडी अडकते म्हणून बाबा येत नाहीत, अशी त्याने मनाशी खूणगाठ बांधली. गाडी उंच केली की प्रश्न मिटला!

जुन्या जिप्सीला पुढे आणि मागे, दोन्हीकडे पोलादी पाटे असतात. कारखान्यातून गाडी येते तेव्हा हे पाटे ॲक्सलच्या खालून जातात. तेच काढून ॲक्सलच्या वर बसवले की गाडी एकदम पाच-सहा इंच उचलली जाते. दुसरा मार्ग पाट्याच्या टोकाला लांब शॅकल लावण्याचा. पण त्यात पाट्याचे एकच टोक खाली ढकलले जाते. त्यामुळे शॅकल दोन इंचांनी लांब घेतला तरी गाडी जेमतेम एक इंच वर येते. तिसरा मार्ग जास्त कमानीचे नवे पाटे घालण्याचा.

हे सारे त्याने वाचले होते. मिस्त्रींनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला.

“साहेब, गाडीचं सगळ्यात खाली काय लोंबतं?”

“डिफरन्शियल.”

“ते ॲक्सलला असतं. ॲक्सल चाकाला. पाटे कितीही उंच करा, ते एक सूतभरसुद्धा वर जाणार नाही. त्याला मोठे टायर लागतात. टायर दोन इंच मोठा घेतला, तर ते एक इंच वर जातं.”

तो गप्प झाला. मग मिस्त्रींनी एकेक हिशेब मांडला. पोट वर जाईल, काठ चढताना ते टेकणार नाही, हे खरे. पण अंग वर गेले की प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, गाडी थरथरू लागते आणि क्रॉस लवकर जातात. ब्रेकचा रबरी पाइप आखूड पडतो. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की तो ताणला जातो. शॉकॲब्सॉर्बर लांब घ्यावे लागतात. स्टिअरिंगच्या दांड्यांचा कोन बिघडला की खड्ड्यागणिक गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

“आणि ही गाडी आधीच अरुंद नि उंच. जड भाग आणखी वर नेलात, तर कुंभार्लीच्या वळणावर ती पहिल्यासारखी वागणार नाही.”

कायद्याचीही बाब होतीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितले. पंधरा वर्षे उलटलेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्या वेळी तपासणीही होते.

त्या रात्री जेवताना त्याने हे सारे पत्नीला सांगितले. बाबा लवकर जेवून आपल्या खोलीत गेले होते. तिने शांतपणे ऐकले आणि आमटी वाढता वाढता विचारले, “अहो, पण एवढ्या उंच गाडीत बाबा चढणार कसे?”

त्याचा घास हातातच राहिला.

“परवा बँकेत जायला निघाले होते,” ती म्हणाली, “गाडीच्या दाराशी दोनदा पाय उचलला नि खाली ठेवला. मग म्हणाले, ‘जाऊ दे, रिक्षाच बोलाव.’ तुम्हाला नाही सांगितलं. तुमची हौस मोडायला नको म्हणून असेल.”

ज्यांच्यासाठी गाडी उंच करायची, त्यांनाच त्याने विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये गेला तेव्हा मिस्त्रींची मापे तयार होती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर त्यांनी चारही बाजूंना मोजले होते आणि नव्या पाट्यांवर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका जिप्सीशी ताडून पाहिले होते. ही गाडी ड्रायव्हरच्या बाजूला दोन इंच खाली बसली होती, दुसऱ्या बाजूला दीड.

“पाटे दमलेत साहेब. इतकी वर्षं आंब्याच्या पेट्या वाहिल्या त्यांनी. तुमची गाडी बुटकी नाही, खचलीय. तिची मूळ उंची तिला परत देऊ. मग सांगा, पऱ्यात टेकते का ते.”

जुन्याच पाट्यांना पुन्हा कमान मारून घ्यायची सोय होती आणि ती स्वस्तही होती. पण नीट पाणी दिल्याशिवाय अशी कमान थोड्याच दिवसांत पुन्हा बसते. म्हणून नवा संच आला.

काम दोन दिवस चालले. चेसिसखाली घोड्या लावून चाके उतरवली. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवले होते. जुने यू बोल्ट मिस्त्रींनी बाजूला फेकले. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हा त्यांचा नियम. बुश आणि शॉकॲब्सॉर्बरही नवे घातले. शॅकलचे बोल्ट मात्र त्यांनी आधी नुसते अडकवून ठेवले. गाडी चाकांवर उभी राहून पाट्यांवर वजन आल्यावरच ते आवळले. लोंबत्या पाट्यावर आवळले, तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी हेडलाइटचा झोत खाली घेतला. मागची बाजू खचल्यामुळे तो इतके दिवस समोरच्याच्या डोळ्यांत जात होता.

“पाचशे किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळायला आणा. विसरू नका,” मिस्त्रींनी बजावले.

घरी पत्नीने सुताराकडून एक रुंद, ठेंगणे स्टूल करून घेतले होते. त्याच्या पायांना खाली रबर लावलेले. तिने काही न बोलता ते गाडीच्या दाराशी ठेवले. बाबांनी स्टुलाकडे पाहिले, मग सुनेकडे. एक पाय स्टुलावर, एक हात समोरच्या दांडीला, आणि ते आत बसले. कोणी हात दिला नाही. तिने आधीच मुलाला डोळ्यांनी खुणावले होते.

पऱ्याच्या काठाशी त्याने गाडी फोर-व्हीलमध्ये घातली. पुढची चाके चढली. तो कान देऊन पोटाखालच्या त्या ओळखीच्या कर्कश आवाजाची वाट पाहत राहिला. आवाज आला नाही. मागची चाकेही काठ चढून वर आली.

बागेत बाबा बराच वेळ एकेका कलमाला हात लावत हिंडले. परतताना घाटात धुके उतरले होते. मीटरकडे पाहत ते म्हणाले, “जाऊन-येऊन दोनशेच्या वर होतात. मिस्त्रींनी पाचशेनंतर बोलावलंय ना?”

“हो.”

“म्हणजे आणखी दोन फेऱ्या तरी हव्यात. पुढच्या शनिवारी लवकर निघू. आणि ते स्टूल घरी विसरू नकोस.”